बारावा रस्ता, अनोळखी स्त्री

यंत्राचा खट्ट आवाज झाला, पडद्यावर पुढचा फोटो आला आणि त्यात शरीसची आई होती. बावीस वर्षांची, काडीसारखी बारीक, बिनबाह्यांच्या उन्हाळी झग्यात. दुकानाच्या फुटलेल्या काचेतून तिचा एक पाय बाहेर फुटपाथवर आला होता आणि दुसरा अजून आतच होता. पोटाशी दोन्ही हातांनी तिनं एक मोठी लॅम्पशेड धरली होती, भरलेलं पातेलं धरावं तशी. मागं धूर. खालचा ओठ तिनं दातांखाली दाबला होता. तो दाबलेला ओठ शरीस जन्मापासून बघत आली होती. सुईत दोरा ओवताना, बर्फात गाडी मागं घेताना, बाबांच्या शवपेटीजवळ उभं असताना. चेहऱ्याची खात्री करून घ्यावी लागली नाही. गर्दीत आपल्या माणसाचा खोकला कळतो तसं कळलं. फोटोखाली एक ओळ होती: अनोळखी स्त्री, बारावा रस्ता, डेट्रॉइट, जुलै १९६७. शरीसनं ती दोनदा वाचली. मग पेनाचं टोपण काढलं आणि वहीत आजची तारीख घातली, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

प्रोफेसर मॅक्लेमोर पडद्याच्या बाजूला उभे होते. काळ्या लोकांचा इतिहास आणि संस्कृती हा त्यांचा विषय. पन्नाशीचा, ओहायोतून इथं आलेला, कोपरांना चामड्याची ठिगळं लावलेला एकच कोट वर्षभर घालणारा काळा माणूस. त्यांची पद्धत अशी की फोटो दाखवायचा, "काय दिसतं?" एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. त्यांच्या त्या गप्प बसण्याला वर्ग घाबरायचा. शेवटी टॉड बोलला. टॉड हा उपनगरातला गोरा मुलगा, मनानं चांगला, पण बोलण्याआधी माफी मागायची त्याला सवय लागली होती. "राग मानू नका," तो म्हणाला, "पण मला तर चोरी दिसतेय." मागच्या बाकावर जबारी हसला. जबारी मागच्या वर्षीपर्यंत कीथ होता; हे आफ्रिकन नाव त्यानं स्वतःच घेतलं होतं. "चोरी? अरे बाबा, आधी आम्हाला कोणी कुठून उचलून आणलं ते सांग. एका लॅम्पशेडनं तुझ्या आजोबांचं दिवाळं निघालं का?" वर्ग हसला, टॉडचे कान लाल झाले. एक मुलगी म्हणाली, बाई घाबरलेली दिसतेय. दुसरी म्हणाली, छे, मनातून खूश आहे. शरीसच्या डोक्यात वाक्य तयार होतं. घाबरलेली नाही आणि खूशही नाही, तिला ओठ दाबायची सवयच आहे, ती माझी आई आहे. तिनं हात वर केला. तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते भलतंच.

"ही बाई नीट बघा, या बाईच्या हातात दिवा नाहीये," ती म्हणाली. "नुसती शेड आहे. दिवा या बाईच्या आधीच कुणीतरी नेलाय. म्हणजे उजेड दुसऱ्याकडंच राहिला, आणि या बाईच्या वाट्याला झाकण आलं. आणि तेही या बाईला जपून न्यावं लागतंय." उचलली जीभ लावली टाळ्याला. पण दोघांतिघांनी ते वहीत उतरवून घेतलं. जबारीनं पुढं वाकून तिच्याकडं पाहिलं, आणि मॅक्लेमोर सर, जे वर्षाकाठी दोनदा स्तुती करत, ते म्हणाले, "फोटो वाचणं म्हणजे हे. लिहून काढा, मिस टॉलिव्हर." शरीस खूश झाली. हे नंतर तिला फार लागलं, की आधी ती खूश झाली. लाज दुपारी आली, बसमध्ये. खिडकीच्या काचेवर डोकं टेकून ती आपलंच बोलणं आठवत होती आणि मोजत होती. 'ही बाई', 'या बाईच्या', 'या बाईला'. पाच वेळा म्हणाली होती.

आता ती अशी का वागली हे तिला त्या दिवशीही नीट सांगता आलं नसतं. आईची लाज वाटली म्हणावं, तर तसं नव्हतं. निदान चोरीची लाज नव्हती. वर्गात चोरी ही लाजेची गोष्टच राहिली नव्हती. जबारीला कळलं असतं की ती हिची आई आहे, तर त्यानं शरीसला डोक्यावर घेतलं असतं. मग अडलं कुठं? ज्या शरीसनं हात वर केला होता ती नवी शरीस जेमतेम दीड वर्षाची होती, आणि तिला अजून आई नव्हती, हेच खरं. दीड वर्षापूर्वी, या विषयाच्या पहिल्या वर्गात, तिनं गुलाम वाहणाऱ्या जहाजाच्या पोटाचा नकाशा पाहिला होता, माणसं चमच्यांसारखी एकमेकांत रचलेली. त्या दिवशी बसमध्ये ती रडली होती, आणि शेजारच्या म्हातारीनं न विचारता तिला रुमाल दिला होता. मग पुस्तकांमागून पुस्तकं. आफ्रिकेतली नदीकाठची राज्यं, सोन्याचे व्यापारी, मातीच्या मशिदी. मग कापसाची शेतं, पळून जाणाऱ्यांच्या वाटा, जाहिरातीत छापलेली त्यांची वर्णनं, 'डाव्या गालावर व्रण, बोलण्यात हुशार'. शाळेत या सगळ्याला दीड पान होतं. आपल्याला कुणीतरी घराच्या मागच्या खोल्या दाखवल्याच नव्हत्या आणि आपण पुढच्या पायरीवर बसून मोठ्या झालो, असं तिला वाटलं होतं. ती ताठ चालायला लागली. हे खोटं नव्हतं, हे कुणी खोटं म्हणू नये. दुकानात मागं मागं फिरणाऱ्या पहारेकऱ्याकडं ती आता वळून बघायची. केस सरळ करायला गरम कंगवा लावणं तिनं सोडलं, डोक्याला रंगीत फडकं बांधलं, गळ्यात चामड्याचा आफ्रिकेचा नकाशा घातला.

आईनं तो नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा चष्मा वर सरकवून म्हणाली, "एवढी मोठी आफ्रिका गळ्यात वागवतेस, आणि कचऱ्याची पिशवी तेवढी जड होते होय गं?" आई, वर्लीन टॉलिव्हर, टपालखात्यात पत्रं निवडायच्या कामावर होती आणि रविवारी चर्चमध्ये अशर बायकांची प्रमुख. म्हणजे पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, दारात उभं राहून येणाऱ्याला जागा दाखवायची, कुणाला भरून आलं तर पंखा धरायचा, आणि हे सगळं तोंडातून शब्द न काढता, नुसत्या हातांच्या खुणांनी. पाठीमागं डावी मूठ म्हणजे थांबा, उजवा हात छातीशी म्हणजे दोन जागा आहेत. शरीसला त्या खुणा चालायला लागल्यापासून येत होत्या. पण हल्ली ती चर्चला जात नव्हती. जबारीनं एकदा विचारलं होतं, "ज्यांनी बेड्या घातल्या त्यांच्याच देवापुढं गुडघे टेकायचे?" आणि ते तिच्या मनात बसलं होतं. आईला तिनं तेच ऐकवलं, तेव्हा आई म्हणाली, "देव त्यांचा होता का ते मला नाही माहीत बाई. खुर्च्या आमच्या आहेत, आम्ही वर्गणीनं घेतल्यात." आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. आई अजून काळ्या लोकांना जुन्या चालीनं 'कलर्ड' म्हणायची. शरीस दुरुस्त करायची. आई म्हणायची, "बरं," आणि दोन मिनिटांनी पुन्हा कलर्ड. त्या उन्हाळ्याबद्दल, सदुसष्टच्या, पोलिसांच्या धाडीनंतर काळ्या वस्तीत दंगल पेटून शहर पाच दिवस जळलं त्याबद्दल, घरात कधी विषय निघाला तर आईचं एकच वाक्य असायचं: "फार उकडत होतं."

शरीसनं निबंध लिहिला. लिहिताना वाटलं होतं की जड जाईल, पण सरसर उतरला, आणि हेही तिला नंतर लागलं. पाच पानं झाली. उजेड, झाकण, काच, उंबरठा. बाईचा एक पाय आत आणि एक बाहेर यावरच दीड पान. रात्री जेवायला बसलं की आई समोर असायची, मक्याच्या भाकरीचा तुकडा मोडायची, टपालखात्यातल्या नव्या साहेबाची नक्कल करायची, आणि शरीस तिच्या मनगटांकडं बघायची. फोटोत ती मनगटं बारीक होती. विचारावं असं रोज वाटे. पण विचारलं की सांगावं लागणार, वर्गात काय झालं ते. चोराच्या मनात चांदणं. आई म्हणायची, "काय बघतेस? तोंडाला काही लागलंय का?" आणि शरीस म्हणायची, काही नाही. असा फेब्रुवारी गेला, मार्च गेला. रस्त्याकडेचा काळा झालेला बर्फ वितळला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मॅक्लेमोर सरांनी तिला खोलीत बोलावलं. उन्हाळ्यात त्या जुलैला पंचवीस वर्षं होत होती; ग्रंथालयाच्या तळमजल्यावर प्रदर्शन लागणार होतं. हा फोटो भिंतभर मोठा करायचं ठरलं होतं, दारातून आत आलं की समोर, आणि शेजारी शरीसच्या निबंधातला उतारा, तिच्या नावासकट. "पाटी गुरुवारी छापायला जाईल," सर म्हणाले. "वर्गातच एकदा सगळ्यांना दाखवू." पाटीचा कागद त्यांनी पुढं सरकवला. अनोळखी स्त्री. शरीस म्हणाली, "सर, हिला कुणी शोधलं नाही का?" सर चष्मा पुसत म्हणाले, "फोटोग्राफरनं नाव घेतलं नव्हतं. आणि खरं सांगू? नाव नाही म्हणूनच तो फोटो बोलतो. ती कुणीही असू शकते."

कुणीही. शरीस जिना उतरली. मनात हिशेब सुरू झाला: चर्चमधली कोण कोण माणसं ग्रंथालयात येतील. शाळांच्या सहली येतील. रविवारच्या शाळेतली पोरं येतील, ज्यांना आई च्युइंगम तोंडातून काढायला लावते. कुणीतरी भिंतीसमोर थांबणार, मान तिरकी करून बघणार आणि म्हणणार, अगंबाई, ही तर आपल्या चर्चची सिस्टर टॉलिव्हर. आणि शेजारी पोरीचं नाव. वीस वर्षं जी बाई पांढरे हातमोजे घालून दारात उभी राहिली, तिला तिच्याच मुलीनं भिंतीवर टांगली, चोरीच्या मालासकट, आणि वर म्हणाली की मला ही कोण ते ठाऊक नाही. शरीसला जिन्यातच खाली बसावंसं वाटलं. बसली नाही, मागून पोरं येत होती.

बुधवारी संध्याकाळी आई कामावरून आली, बूट काढले आणि मोरीत हातमोजे धुवायला घेतले. आठ बायकांचे आठ जोड ती एकटीच धुवायची, कारण दुसऱ्या कुणी धुतले की तिच्या मते पिवळट राहायचे. शरीस स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली होती. निबंध तिनं समोर ठेवला होता, वर फोटोची लहान प्रत. "आई, हे बघ," एवढंच ती म्हणाली. आईनं हात पुसले, चष्मा नाकावर घेतला आणि उभ्याउभ्याच बघितलं. शरीस तिच्या ओठाकडं बघत होती. ओठ काही दातांखाली गेला नाही. "किती बारीक होते गं मी," आई म्हणाली. मग खुर्ची ओढून बसली आणि पाचही पानं वाचली. कामावर पत्रं निवडावीत तशी, एकेक उलटून पालथी घालत. बाहेर शेजाऱ्याचा कुत्रा भुंकत होता. शेवटचं पान ठेवून ती म्हणाली, "लिहिलंस छान. मास्तर खूश असतील. पण ही बाई मला रस्त्यात भेटली तर मी काही तिला ओळखायची नाही."

"म्हणजे ते खरं नाही? ती शेड—"

"शेड खरी आहे. चोरली मी. बारकाईनं बघ, तोंडावरच लिहिलंय."

शरीसला इतके दिवस एक आशा होती हे तिला आता कळलं. आशा अशी की आई म्हणेल, अगं ती माझीच होती, दुरुस्तीला दिली होती. काहीतरी असं. "का नेलीस?" तिनं विचारलं.

"ठाऊक नाही. पंचवीस वर्षं विचार करतेय. तसला दिवा आपल्या घरात नव्हताही. उकडत होतं, सगळे नेत होते, आणि मला राग आला होता. कशाचा राग, ते तू मला सांग. त्याकरताच तुला कॉलेजात घातलंय." हे ती चिडून म्हणाली नाही. खरंच विचारल्यासारखं म्हणाली. पाच पानांत राग हा शब्द कुठंच नव्हता, हे तिच्या ध्यानात आलं.

"चर्चमध्ये कुणाला कळलं तर," शरीस म्हणाली.

आई हसली. मोठ्यानं, मान मागं टाकून, कामावरच्या बायकांबरोबर हसते तशी. "कळलं तर? अगं वेडे, सगळ्या चर्चला ठाऊक आहे. तुला तेवढं ठाऊक नव्हतं." आणि मग हातमोजे पिळता पिळता तिनं सांगितलं. त्या ऑगस्टमध्ये रेव्हरंड स्पायव्ही व्यासपीठावरून म्हणाले होते की ज्यानं ज्यानं जे घरी आणलं असेल ते पुढच्या रविवारी इथं आणून ठेवा. पोलिसाचं काम पोलीस बघतील, इथलं आपण बघू. आणि पुढच्या रविवारी बत्तीस माणसं रांगेनं आली. रेडिओ, टायर, लहान मुलांचे बूट. एक डीकन होता, चर्चच्या पंचांतला भला माणूस, त्याचं हॅम खाऊन झालं होतं, तर त्यानं रिकामा डबा आणून ठेवला. एकेकानं उभं राहायचं, आधी आपलं नाव सांगायचं, मग काय केलं ते. कारण सांगायचं नाही. कारण सांगायला लागलं की रेव्हरंड हात वर करून थांबवायचे. सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी मंडळीला विचारलं, कुणाची हरकत? कुणाची नव्हती. मग तीनशे माणसं ओळीनं पुढून गेली आणि प्रत्येकानं त्या बत्तीस जणांचा उजवा हात हातात घेतला. "माझा हात संध्याकाळी सुजला होता," आई म्हणाली. "आणि त्यानंतर ती गोष्ट तोंडातून काढायची नाही. कुणी कुणाला टोमणासुद्धा मारायचा नाही, नवराबायकोत भांडण झालं तरी नाही. तसा कायदाच आहे. आमच्यात अशा बायका आहेत, ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. पंचवीस वर्षं एकीनं शब्द काढला नाही."

"आणि दिवा? दिवा कुणी नेला होता?"

"ते मी सांगणार नाही. ते तिचं आहे. पण दिवाही त्या रविवारी आला. दुकान जळून गेलेलं, मालकाला निरोप धाडले, तो काही आला नाही. मग दिव्यावर शेड बसवली आणि रविवारच्या शाळेच्या खोलीत ठेवला. तू त्याच्याखालीच बसून वाचायला शिकलीस."

शरीसला तो दिवा आठवला. शेडला एका बाजूला तडा होता, तिथून उजेड सरळ पुस्तकावर पडायचा आणि त्या जागेवरून पोरांची भांडणं व्हायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. दीड वर्ष तिनं नदीकाठची राज्यं पालथी घातली, आणि या रांगेबद्दल, या बत्तीस माणसांबद्दल तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. कुणी बोलणार नव्हतंच. न बोलणं हाच तर तिथला कायदा. कुठल्या पुस्तकात ते सापडलं असतं? तिला एकदम वाटलं की उठावं, सरांना फोन करावा. "मग मी पाटीवर नाव टाकते, आई. सगळं लिहिते. वर्लीन टॉलिव्हर, आणि हे सगळं."

"खबरदार." आईनं हातमोजा दोरीवर टाकला. "माझं मिटलंय. मिटलेलं उकरायचा तुला काय हक्क? पण ते अनोळखी तेवढं खोडायला सांग. तीनशे माणसांनी हात हातात घेतलाय माझा, आणि म्हणे अनोळखी. तो फोटोवाला इथून त्या फ्रिजएवढ्या अंतरावर होता. तोंड होतं ना त्याला? विचारायचं नाव." मग चिमटा लावता लावता, पाठ तशीच ठेवून तिनं विचारलं, "हे तुला कधी कळलं?"

"फेब्रुवारीत."

"आज एप्रिल आहे."

शरीसनं फोटोची प्रत पालथी घातली.

"वर्गात काय म्हणालीस मला?"

खोटं बोलता आलं असतं. "ही बाई म्हणाले," शरीस म्हणाली.

"किती वेळा?"

"पाच."

आईनं दुसरा हातमोजा झटकला. "मी शेड नेली ती एकदाच," ती म्हणाली.

यावर शरीस रडली. खूप नाही, पण रडली. आईनं रडू दिलं. पूर्वी असतं तर डोक्यावरून हात फिरवला असता, आज नाही फिरवला. टेबलावरची पानं एकावर एक नीट लावून ठेवली. शरीस म्हणाली, "माझी चूक झाली, आई. मला माफ कर." आई म्हणाली, "मी आई आहे, माझं काय धरतेस. मी तर तू जन्मायच्या आधीच सगळं माफ करून बसलेय. पण ते असं मोरीशी बसून होत नाही. ज्यांच्यासमोर केलंस त्यांच्यासमोर उभं राहायचं."

"तिथं तसलं काही नसतं. ते कॉलेज आहे. हसतील मला."

"माणसंच बसतात ना तिथं? का आणखी काही?" आई चष्मा पुसत म्हणाली. "माझ्या शेडबद्दल एक शब्द बोलू नकोस. तुझ्या तोंडाबद्दल बोल. आई म्हण हवं तर, आई आहेच मी तुझी. त्यावरून त्यांना कळेल ते कळू दे. ठाऊक असणं वेगळं आणि बोलून दाखवणं वेगळं. आणि नाव सांगायचं तर तुझं सांग. सुरुवात तिथूनच करतात." मग तिनं मासे तळायला घेतले, आणि जेवताना टपालखात्यातल्या साहेबाची नक्कल केली, आणि शरीसला हसू आलं त्याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

गुरुवारी अकराच्या वर्गाला सरांनी पडदा ओढला आणि तोच फोटो लावला. या वेळी शरीसनं आईकडं नीट बघितलं. उजेड नाही, झाकण नाही, उंबरठाही नाही. उकाड्यात घाम आलेली एक मुलगी, शरीसहून दोनच वर्षांनी मोठी, आणि तिला कशाचा तरी राग आलाय. तो राग काय होता ते आता शोधायला हवं होतं, आणि त्याला पुस्तकं लागणार होती. ती हीच पुस्तकं, याच वर्गातली. हे कळल्यावर तिला बरं वाटलं. तोवर आपल्याला एकतर ही पुस्तकं तरी सोडावी लागतील नाहीतर आई तरी, असं तिला वाटत होतं. सरांनी पाटीचा कागद तिच्या बाकावर ठेवला. "बघा, आणि सही करा." शरीसनं पेन घेतलं आणि पहिला शब्द खोडला. सरांनी वाकून पाहिलं. "हे काय? तुम्हाला नाव सापडलं का?"

"ही अनोळखी नाहीये, सर. नाव मी नाही सांगणार."

"मग कुणाला ओळखीची आहे?"

शरीस उठून उभी राहिली. वर्गात बोलायला कुणी उभं राहत नसे, त्यामुळं एकोणीस जणांच्या माना वळल्या. टॉडनं पेन खाली ठेवलं. तिनं बाकाची कड धरली. "माझं नाव शरीस टॉलिव्हर," ती म्हणाली.

कुणीतरी हसलं. नाव सगळ्यांना माहीतच होतं. दीड वर्ष ती त्याच बाकावर बसत होती. पुढचं वाक्य तिनं बसमध्ये पाठ केलं होतं, ते आता कुठं गेलं कळेना. कारणं मात्र सगळी आठवत होती, एकामागून एक, चांगली कारणं, सरांना पटली असती अशी. ती कारणं तिनं गिळली. सर वाट बघत होते. यंत्राचा पंखा घरघरत होता. खाली बसावं, काही नाही म्हणावं, असं तिच्या मनात आलं, आणि ती बसलीही असती.

"सावकाश," मागून आवाज आला. "सावकाश सांग, बाई. घाई नाही."

ती वळली. आवाज जबारीचा होता, पण बोलण्याची ढब त्याची नव्हती. ती कुठल्यातरी आजीची होती, दर रविवारी चर्चच्या तिसऱ्या बाकावर बसणारीची. मंडळीपुढं साक्ष द्यायला उठलेल्याचा शब्द अडला की तिथून हमखास असाच आवाज यायचा. तोंडून गेलं ते गेलं, आता तो मान खाली घालून बसला होता, आणि तशा खालच्या मानेनंच त्यानं हलक्या आवाजात आणखी एकदा म्हटलं, "सांग."

शरीसनं बाकाची कड सोडली. "फेब्रुवारीत एका मंगळवारी," ती म्हणाली, "याच वर्गात, तुम्हा सगळ्यांसमोर, मी माझ्या आईला ओळख दिली नाही."